कोंडवाड्यातले मामा

बाळांनो,

परवा तुम्ही तुमच्या कुत्रीचा फोटो पाठवलात. दाताचं ऑपरेशन झालेलं, गळ्यात प्लास्टिकचं भलंमोठं नरसाळं आणि चेहरा पंगतीत वाढायचं राहून गेलेल्या पाहुण्यासारखा. खाली विचारलंत, आजी, तुझ्या लातूरला कुत्र्यांना डॉक्टर होता का?

होता. एकच होता, आणि तो कुत्र्याला 'आपण' म्हणायचा अन् माणसाला 'तू'.

मला सगळं क्रमवार सांगायची सवय आहे, हे तुमच्या आईनं तुम्हाला चिडून सांगितलं असेलच. कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी आधी फळ्यावर मुद्दे लिहायची आणि मगच तोंड उघडायची. या माणसाचे मुद्दे मात्र मला कधी काढता आले नाहीत. कुठूनही सुरुवात केली तरी मधेच एखादी शेळी आडवी येते. तेव्हा आठवेल तसं लिहिते.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता, उस्मानाबादेतून नुकता वेगळा काढलेला. तुमच्या आजोबांची बदली नव्या कलेक्टर कचेरीत झाली आणि आम्ही लातूरला आलो. कचेऱ्या पुष्कळ होत्या, इमारती नव्हत्या. एक खातं शाळेच्या दोन खोल्यांत बसे, दुसरं कुणाच्या तरी गोदामात. गावात रोज नवी पाटी रंगत असे. आणि पाणी नव्हतं. पाऊस लागोपाठ हुकलेला, विहिरी तळाला गेलेल्या. टँकर आला की गल्लीतली सगळी भांडी आमच्या आधी रस्त्यावर पोचायची.

गावात जनावरांचा सरकारी दवाखाना होता, पण तो गाई-म्हशी-बैलांचा. कुत्रं, मांजर, पोपट हे पशुधनात बसत नाहीत, असं तिथं सांगत. ते बरोबरही असेल. औषधंच पुरत नसत. सलोत्रीसाहेबांची सगळी नोकरी याच दवाखान्यात गेलेली. जनावरांच्या डॉक्टराला आमच्याकडची जुनी माणसं सलोत्री म्हणत, निजामाच्या वेळचा शब्द. ते शिकलेही हैदराबादेत. निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच रविवारी त्यांनी नगरपालिकेचा कोंडवाडा मागून घेतला. मोकाट जनावरं कोंडून ठेवायची ती जागा. दुष्काळात गावात मोकाट जनावर उरलंच नव्हतं, असेल ते बाजारात गेलेलं. कोंडवाडा रिकामाच पडला होता. तिथं दर रविवारी सकाळी ते गोरगरिबांची कुत्री, मांजरं, कोंबड्या, ससे, जे येईल ते बघायला लागले.

लोक हसत. माणसाला प्यायला पाणी नाही आणि हा म्हातारा मांजराच्या डोळ्यात थेंब घालतोय. एका मोठ्या अधिकाऱ्यांनी त्यांना तोंडावर विचारलं होतं, म्हणे, की ज्यांना स्वतःला खायला नाही त्यांनी कुत्री पाळावीतच कशाला. सलोत्रीसाहेब म्हणाले, "तू पाळलायस, त्याला राखणीला ठेवलायस. यांनी पाळलाय, त्याच्याशी संध्याकाळी बोलतात. सांग बरं, गरज कुणाची मोठी?" त्या अधिकाऱ्यालाही 'तू'च.

हे 'तू' उद्धटपणाचं नव्हतं. त्यांचा हिशेब असा की माणूस बोलू शकतो, वाईट वाटलं तर उलट उत्तर देईल. जनावर देऊ शकत नाही, म्हणून आदर त्याला जास्त. खरुज झालेलं कुत्रं समोर आलं की ते अर्धवट उठून म्हणत, "या जनाब, तशरीफ ठेवा." आणि त्याच्या मालकाला, "तू बाजूला हो, वारा अडवू नकोस."

सायकलला घंटी नव्हती. घंटीनं कुत्री बिचकतात म्हणून काढून टाकलेली. गर्दीत शिरताना ते मोठ्यानं खोकत. अख्खं लातूर तो खोकला ओळखायचं आणि वाट द्यायचं. कोटाच्या एका खिशात फुटाणे, दुसऱ्यात आयोडिनची बाटली. एकदा आमच्याकडे चहाला आले आणि बोलण्याच्या नादात तुमच्या आईच्या हातावर फुटाण्यांऐवजी बाटलीच ठेवली. जनावर दगावलं तर 'मेलं' हा शब्द ते कधी उच्चारत नसत. "त्यांची बदली झाली," म्हणत. आमच्या त्या नव्या जिल्ह्यात रोज कुणाची ना कुणाची बदली व्हायचीच, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते फारसं परकं वाटत नसे. घरी मात्र त्यांनी एकही प्राणी पाळला नव्हता. घरचं जनावर आजारी पडलं की डॉक्टर आंधळा होतो, असं त्यांचं मत होतं, आणि त्यावर ते वाद घालू देत नसत.

मी तिथं पोचले ती आमच्या मोलकरणीच्या मांजरीमुळे. मांजरीला घेऊन तिच्यासोबत गेले आणि पाहिलं तर सगळा गोंधळ. कोंबडी पोपटावर ओरडतेय, कुत्री एकमेकांवर, बाया साहेबांवर. माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. मी खडूनं जमिनीवर रेघा मारल्या, कुत्री डावीकडे, मांजरं उजवीकडे, पक्षी भिंतीजवळ, आणि नाव पुकारल्याशिवाय कुणी उठायचं नाही असं बजावलं. सलोत्रीसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तू पुढच्या रविवारीही ये." झालं. त्यानंतर दर रविवारी रांग लावणं आणि काचेच्या सिरिंजा घरून उकळून डब्यात घालून नेणं हे माझं काम ठरलं. टँकरच्या पाण्यातलं एक पातेलं त्यापायी खर्च होई. आजोबा कुरकुरत, पण पातेलं चुलीवर तेच चढवून देत. मुनीर म्हणून एक न्हावी होता, तो जखमेभोवतीचे केस काढून द्यायचा. औषधाच्या दुकानदाराकडून गोळ्या-मलमं पडत्या भावात मिळत. लोक जमेल ते देत, नाही जमलं तर नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना करावीच लागे. तीच सांगण्यासाठी एवढं लिहायला बसले.

आपलं जनावर दाखवून झालं की घरी जायचं नाही. रांगेतल्या पुढच्या माणसाचं जनावर आपण धरायचं. आपलं जनावर आपण धरायचं नाही, दुसऱ्याचं धरायचं. सलोत्रीसाहेब सांगत, "मुलाचे कान टोचताना त्याला कुणाच्या मांडीवर बसवतात? मामाच्या. का? आईचा हात थरथरतो, बाप घाबरून बाहेर पळतो. मामाला माया असते आणि हातही पक्का असतो. तेव्हा तू आता मामा. बस मांडी घालून."

बाई असेल तर मावशी. ज्यानं धरलं तो त्या जनावराचा मामा, जिनं धरलं ती मावशी. पुढच्या खेपेला ते विसरत नसत. "आज मामा नाही आले का आपले?" असं कुत्र्याला विचारत आणि मालक हसत सांगे, की मामा रोजगार हमीच्या कामावर गेलाय. सगळे हसायचे. रांगेत वेळ बरा जायचा आणि सुई बघून रडायला आलेल्या पोरी हसायला लागायच्या. मी स्वतः एका कासारणीच्या कोंबडीची मावशी होते. आजोबा म्हणत, कचेरीत कुणी विचारलं तर काय सांगू, आमची बायको कोंबडीची मावशी लागते?

आता अप्पा. गंजात, म्हणजे लातूरच्या धान्याच्या मोठ्या बाजारात, त्यांचं आडतीचं दुकान होतं. कपाळावर भस्म, पांढरंशुभ्र धोतर, शब्दाला पक्के आणि तोंडानं तिखट. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्कांचा एक पोपट होता, त्याची चोच वाढून वाकडी झाली होती, दाणा फुटत नव्हता. सरकारी दवाखान्यात पोपट बघत नाहीत म्हटल्यावर अप्पा पिंजरा घेऊन नाइलाजानं कोंडवाड्यात आले. मी त्यांना भिंतीजवळ बसवलं. गंजातल्या माणसाला असं भिंतीजवळ बसायची सवय नसते, पण ते बसले.

चोच कापून झाली. अप्पा पिंजरा उचलून निघाले तेव्हा सलोत्रीसाहेबांनी त्यांना नियम सांगितला. आणि रांगेत पुढे होता ग्यानबा.

ग्यानबा गंजातलाच हमाल. अप्पांच्या दुकानाची पोती त्याच्या पाठीवरून चढायची-उतरायची. त्याचं कुत्रं पिवळट, एक कान पडलेला. नव्या जिल्ह्याचे पहिले कलेक्टर आले त्याच सुमारास ते जन्मलं, म्हणून ग्यानबाच्या बायकोनं, रुक्मीणनं, त्याचं नाव 'कलेक्टर' ठेवलं होतं. मला ते नाव रांगेत मोठ्यानं पुकारावं लागे. त्या दिवशी कलेक्टरचा मागचा पाय भरल्या बैलगाडीच्या चाकाखाली गेलेला होता, चार-पाच दिवस अंगावर काढलेला. वासानंच कळत होतं. पाय ठेवला तर कुत्रं जाणार होतं.

अप्पा पुढे येताना बघून ग्यानबा कुत्र्याच्या आडवा झाला. "मालक, तुमी नगं. म्या धरतो."

"तू बाप आहेस. तू बाहेर जा," सलोत्रीसाहेब म्हणाले. "अप्पा, बस."

मला वाटलं, अप्पा आता पिंजरा घेऊन निघून जाणार. त्यांनी एकदा आपल्या धोतराकडे पाहिलं, एकदा कुत्र्याकडे. मग पिंजरा माझ्या हातात दिला आणि जमिनीवर मांडी घातली. रुक्मीणनं कलेक्टरला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. ठेवताना तिनं त्यांच्या पायाला हात लावला.

गुंगीचं औषध जेमतेम होतं. अप्पांनी खांद्यावरचं उपरणं कुत्र्याच्या डोळ्यांवर घातलं आणि डोकं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. मी सिरिंजा देत होते, त्यामुळे सगळं जवळून पाहिलं. अप्पांचे ओठ हलत होते. आधी वाटलं शिवनामाचा जप असेल. वाकून ऐकलं तर ते कुत्र्याला गंजातले भाव सांगत होते. ज्वारी काय चाललीय, करडई काय, तूर आवकच नाही. हळू आवाजात, एकामागून एक. कुत्रं दर कण्हण्यागणिक थांबे, जणू पुढचा भाव ऐकायला.

पाय गेला, कलेक्टर राहिला. अप्पांचं धोतर टाकून द्यायच्या लायकीचं झालं होतं. सलोत्रीसाहेबांनी हात धुतले आणि रुक्मीणला म्हणाले, "घेऊन जा यांना. मामानं धरलंय, आता यांची बदली व्हायची नाही." मग नेहमीसारखे सगळे हसले. अप्पाही हसले. रुक्मीण मात्र हसली नाही. ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कलेक्टर तीन पायांवर पळायला शिकला. दुष्काळ तसाच होता. गंजात धान्य येईना. धान्य नाही तर हमाली नाही. ग्यानबानं काही दिवस खडी फोडली. मग नांदेडच्या बाजूला मुदखेडला, रुक्मीणचा धाकटा दीर रेल्वेच्या मालधक्क्यावर होता, त्यानं निरोप धाडला की काम आहे, या. दिराची एकच खोली, त्यात त्याची माणसं, त्यात ही दोघं आणि पोरं. कुत्र्याला जागा नाही. आणि एसटीत कुत्रं घेत नाहीत.

सोडून दिलं तर काय होणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. चार पायांची धडधाकट कुत्री उकिरड्यावर एकमेकांना फाडत होती. तीन पायांचं किती दिवस टिकणार.

ते निघायच्या दिवशी सकाळी मी सलोत्रीसाहेबांच्या घरी औषधं लावून ठेवत होते, तेव्हा अप्पांचा मुनीम सायकलवरून आला. अप्पांनी ताबडतोब बोलावलंय म्हणाला. ग्यानबाची बायको कुत्रं घेऊन दारात बसलीय आणि उठत नाही.

आम्ही गेलो. दारासमोर दहा-वीस माणसं जमली होती आणि हसत होती. पायरीवर रुक्मीण बसलेली, शेजारी कलेक्टर. तिनं त्याला आंघोळ घातली होती. त्या दिवसांत कुत्र्याला आंघोळ म्हणजे काय, हे नळ सोडला की पाणी मिळणाऱ्या तुम्हाला कळायचं नाही. घरातलं कुणी तरी दोन दिवस बिनआंघोळीचं राहिलं असणार. कपाळावर कुंकवाचा टिळा, गळ्यात दोरीऐवजी तिच्याच जुन्या लुगड्याचा काठ. तिकडे ग्यानबा स्टँडवर बोचकी घेऊन बसला होता. नांदेडची गाडी दुपारची होती.

अप्पा ओसरीवर उभे होते. लाल झाले होते. "सलोत्रीसाब, हे तुमचं काम. थट्टा तुम्ही केली आणि कुत्रं माझ्या दारात आलं."

सलोत्रीसाहेबांनी टोपी काढली आणि ते पायरीवर कलेक्टरच्या पलीकडे बसले. मग रुक्मीणला हळूच विचारलं, की इथं आणायचं तुला कुणी सांगितलं?

ती गोंधळली. "तुमीच म्हनलाव की, सायेब. मामानं धरलंय म्हून. लेकराचं कुठंच न्हाई भागलं तर मामाकडंच घालतेत नव्हं?" आणि माझ्याकडे पाहिलं. "बाईसायेब व्हत्या तवा."

होते मी. मी मान हलवली. एवढे रविवार आम्ही सगळे ज्यावर हसलो, ते ही एकटीच खरं धरून चालली होती.

अप्पा वाईट माणूस नव्हते. गर्दीकडे बघून जरा नरमले आणि मार्ग काढला. म्हणाले, गोदामाला बांधा. रात्रीची राखण करील, मुनीम सांजसकाळ भाकरी टाकील. कुत्र्याचीही सोय झाली आणि माझीही.

मला हायसं वाटलं. रुक्मीण तर लुगडं झटकून उठलीच. गर्दीही पांगायला लागली. आणि सलोत्रीसाहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "नाही."

"काय नाही?" अप्पा म्हणाले.

"राखणीला नाही. भाच्याला कुणी राखणीला ठेवतं का?"

रुक्मीणच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती त्यांच्यापुढे वाकली, हात जोडले. राखणीला तर राखणीला, जगेल तरी, असं काहीबाही म्हणाली. मलाही साहेबांचा भयंकर राग आला. एखाद्या माणसाचा विक्षिप्तपणा रविवारी सकाळी गोड वाटतो. गाडी सुटायची वेळ आली असताना वाटत नाही. मी तसं बोललेही. ते माझ्यावर चिडले नाहीत. रुक्मीणलाही ऐकू जाईल असं मला समजावलं. "बाई, तीन पायांचे पहारेकरी हे. एक चोरी झाली की अप्पा म्हणणार, कामाचा नाही, हाकला. आणि त्याचं बरोबरच असेल. चाकराला काम नाही झालं की जावं लागतं. भाच्याला काम नसतंच. म्हणून तो राहतो." मग अप्पांना म्हणाले, "नाही जमत तर नाही म्हण. मी यांना माझ्या घरी नेतो." त्यांच्या तोंडून हे ऐकून मी चरकले. घरी जनावर ठेवायचं नाही ही त्यांनी कधीच न मोडलेली गोष्ट होती.

अप्पा आता खरोखर संतापले. "भाचा, भाचा काय लावलंय? मला सख्खी न्हाई, चुलत न्हाई, बहीणच न्हाई, तर भाचा आणायचा कुठून?"

बोलताना आवाज रागाचा होता, पण शेवटी शेवटी तो जरा वेगळाच लागला. एका घरात राहूनही लोकांना काही गोष्टी एकमेकांच्या ठाऊक नसतात, तिथं सगळ्या गंजाला काय ठाऊक असणार? गावात कितीक कान टोचले गेले, जावळं निघाली. अप्पांना मामा म्हणून कुणी कधी पाटावर बसवलं नव्हतं.

रुक्मीण खाली बघत होती. पदर कपाळावर ओढला आणि म्हणाली, "म्या हाय की, मालक."

म्हणाली आणि स्वतःच घाबरली. मुनीम तिच्या अंगावर ओरडला, तोंड सांभाळ म्हणून. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कलेक्टरनं तेवढ्यात जांभई दिली.

मग दाराआडून अक्का आल्या. किती वेळ ऐकत उभ्या होत्या कोण जाणे. हातात सूप, त्यात तांदूळ, नारळ आणि एक खण. नवऱ्याशी बोलल्याच नाहीत. रुक्मीणला म्हणाल्या, "भावाला कुनी मालक म्हनतं व्हय गं? ये वर. वाटंला लागलीस, तशीच रिकामी जातीस का?"

त्यांनी ओसरीवर पाट मांडला. माहेरून निघणाऱ्या मुलीच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घालतात, त्याला ओटी भरणं म्हणतात; तुमच्या आईची मी दर वेळी विमानतळाला निघण्याआधी भरते, ती. पाट ओसरीवरच होता, आत नव्हता. तेवढं अंतर त्या दिवशीही राहिलं, तेही सांगायला हवं. रुक्मीण पाटावर बसली. अक्का ओंजळीनं तांदूळ घालत होत्या आणि ती रडत नव्हती. पदर नीट धरला होता, एक दाणा सांडू दिला नाही.

उठल्यावर ती अप्पांच्या पाया पडायला वाकली. अप्पा मागे सरकले. आमच्याकडे भाऊ बहिणीला पाया पडू देत नाही. सरकले म्हणजे त्यांना समजलं होतं. कलेक्टरकडे बघत म्हणाले, "या वर."

सलोत्रीसाहेबांनी टोपी घातली आणि आम्ही निघालो.

पुढचं आधी सांगून टाकते. अप्पा काही रातोरात बदलले नाहीत. कुत्रं माजघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, आणि गंजात कुणी 'मामा' म्हणून हाक मारली तर शिव्या देत. पण गोदामाला त्याला कधी बांधलं नाही. दुकानात अप्पांच्या गादीच्या बाजूला पोत्यावर बसे. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि पंचमीला, सासुरवाशिणी माहेरी येतात तेव्हा, रुक्मीण मुदखेडहून एसटीनं आली आणि थेट अप्पांच्या दारात उतरली. कुत्र्याला बघायला आले म्हणाली. अक्कांनी तिला चार दिवस जाऊ दिलं नाही. आमची बदली होईपर्यंत ती दर पंचमीला येत होती.

तर त्या दिवशी आम्ही परत येत होतो. सलोत्रीसाहेब सायकल हातात धरून चालत होते, खोकायचंही विसरले होते, त्यामुळे लोक अंगावर येत होते. मधेच म्हणाले, "बाई, मी ते सगळं लोकांना हसवायला बोलत होतो." मी म्हटलं, सगळ्यांना तसंच वाटत होतं. ते म्हणाले, "तिला नाही वाटलं. अप्पा 'नाही' म्हणाला असता तर मी तिला फसवलं होतं."

त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीसारख्या रेघा मारल्या. रांग मोठी होती. पहिल्या बाईची मांजर दाखवून झाली. पुढे एक ससा होता, एका शिंप्याचा. बाई सवयीनं ससा धरायला बसणार, तोच सलोत्रीसाहेबांनी हात आडवा केला.

"थांब. आधी विचार कर," ते म्हणाले. "मावशी होशील ती कायमची. जमेल का?"

तिला वाटलं, ही नवी थट्टा. ती हसली. ते हसले नाहीत. अप्पांच्या दारातली गोष्ट तोवर गावभर झालीच होती. बाई म्हणाली, घरात मुलं लहान आहेत, नवरा कामावर नाही, आपल्याच्यानं व्हायचं नाही. ते म्हणाले, ठीक आहे, बरं केलंस सांगितलंस, आणि तिला जाऊ दिलं. रागावले नाहीत. तिच्यामागून आणखी दोघं-तिघं उठून गेले. माझी सरळ रांग मधेमधे तुटली.

ससा टोपलीत थरथरत होता आणि धरायला कुणी नव्हतं. शेवटी कोपऱ्यातून नव्या कचेरीतला एक कारकून पुढे आला. तरुण, परगावचा, बदलीवर आलेला, इथं कुणी ओळखीचं नसलेला. खांद्यावर मांजराचं पिल्लू होतं. त्याची पाळी अजून यायची होती.

"माझी बदली झाली तर?" त्यानं विचारलं.

सलोत्रीसाहेबांनी थोडा विचार केला. "मग पत्र लिहायचं. मामा बदलीच्या गावी असला तरी मामाच असतो."

कारकुनानं पिल्लू माझ्याकडे दिलं. सशाकडे पाहत तो बराच वेळ उभा राहिला. मग चपला काढून बाजूला ठेवल्या, जमिनीवर मांडी घातली आणि दोन्ही हात पुढे केले.